कोकसाचा पहिला आठवडा

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आठवा. दिवसभर कंपनीत नाहीतर दुकानात राबलेली पोरं रात्री जेवून मंडपात जमतात आणि दीड-दोनपर्यंत बांबू बांधतात, पडदे ताणतात, देखाव्याचे पुठ्ठे कापतात. पगार नाही, ओव्हरटाइम नाही, उलट वर्गणी खिशातली. त्यांच्यातलाच एखादा सकाळी पाळीवर आला की दर अर्ध्या तासाने घड्याळ बघतो. सुपरवायझर कपाळाला हात लावतो, ‘या पोरांना कामच नको!’ आणि काल रात्री दोनपर्यंत घाम गाळणारा पोरगा हाच असतो.

भक्ती, दोस्ती, हौस ही कारणं आहेतच. पण आणखी एक कारण आहे, ते सहसा कुणी बोलून दाखवत नाही. मंडप रोज रात्री वाढताना दिसतो. काल नुसते खांब होते, आज छत आलं, उद्या कमान चढेल. स्थापनेचा दिवस पक्का असतो आणि कमान कुणी बांधली हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. मशीनवर मात्र तोच पोरगा दिवसाला आठशे बुश, म्हणजे गाडीचे छोटे सुटे भाग, काढतो, ते पेटीत पडतात, पेटी निघून जाते. उद्या पुन्हा आठशे. आपलं काम पुढे सरकलं की जागच्या जागी राहिलं, हे कळायला त्याच्यापाशी काही साधनच नसतं.

छत्रपती संभाजीनगरला हा प्रश्न नवा नाही. १९८५मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने सुटे भाग बनवणारे कितीतरी लघुउद्योग उभे राहिले. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, कुठल्याही वसाहतीतल्या छोट्या कारखानदाराला विचारा; बँकेच्या हप्त्याइतकाच घोर त्याला माणसांचा असतो. बक्षीस लावून झालं, भिंतीवर घोषवाक्य रंगवून झालं, बाहेरून वक्ता बोलावून झाला. पंधरा दिवसांत पुन्हा येरे माझ्या मागल्या.

माणसं मन लावून कधी काम करतात आणि मध्येच का ढेपाळतात, यावर वर्तनशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांनी गेल्या काही दशकांत बरंच काम केलं आहे. त्यातला मला सगळ्यात उपयोगी वाटणारा धागा शहरापासून तीसेक किलोमीटरवर, वेरूळच्या एका दंतकथेत आधीपासूनच आहे.

राणीचा नवस

ही कथा कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात येते. एलू नावाचा राजा दुखण्याने बेजार झाला. राणी माणिकावतीने वेरूळच्या घृष्णेश्वराला नवस बोलला: राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर डोळ्यांनी पाहीपर्यंत अन्नाला शिवणार नाही. राजा बरा झाला आणि पंचाईत उभी राहिली. देऊळ पायापासून वर चढतं, शिखर येतं सगळ्यात शेवटी. स्थपतींनी हिशेब मांडला, तर काम कित्येक महिन्यांचं निघालं. तोवर राणीने उपाशी राहायचं कसं?

मग पैठणचा कोकस नावाचा स्थपती पुढे आला. आठवड्याच्या आत शिखर दाखवतो म्हणाला. कथेप्रमाणे सात हजार कारागीर घेऊन त्याने डोंगर पायथ्याकडून न फोडता माथ्याकडून फोडायला घेतला. पहिल्यांदा शिखरच घडवलं. राणीने ते पाहिलं, उपास सोडला आणि बाकीचं देऊळ पुढे सावकाश खाली उतरत गेलं.

इतिहास वेगळं सांगतो. वेरूळचं १६ क्रमांकाचं लेणं, म्हणजे कैलास, आठव्या शतकातलं आहे. त्याचं श्रेय राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याला दिलं जातं. त्याची कारकीर्द साधारण ७५६ ते ७७३. काही भाग त्याच्या नंतरचे असावेत, असं अभ्यासक मानतात. पण कथेतली एक गोष्ट दगडात शाबूत आहे: हे देऊळ खरोखरच वरून खाली कोरलेलं आहे. डोंगरात तीन बाजूंनी खोल चर खणले, मध्ये खडकाचा एक प्रचंड ठोकळा सुटा केला आणि त्या ठोकळ्यातून वरून खाली देऊळ काढत नेलं. आवार सुमारे ८० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद, मागचा कडा तीस मीटरच्या वर. बाहेर काढलेल्या दगडाचे अंदाज दोन ते चार लाख टनांपर्यंत जातात.

लेण्याच्या बाजूने डोंगरावर जाणारी पायवाट आहे. तिथून खाली पाहिलं की सभामंडपाचं छत थेट नजरेसमोर येतं: मधोमध दगडी कमळ, त्याच्या भोवती चार सिंह. पाकळ्या आणि आयाळी तिथून नीट दिसतात. हे काम करणारा कारागीर परांचीवर लोंबकळत नव्हता. जो खडक अजून फोडायचा होता, त्याच खडकावर तो उभा होता. कमळ पुरं झालं की पायाखालचा थर फोडायचा आणि एक पायरी खाली उतरायचं. झालेलं काम कायम डोक्यावर दिसत राहायचं, व्हायचं काम पायाखाली.

कोकसाची गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातली अडचण आजच्या प्रत्येक कारखानदाराची आहे: ध्येय दूर आहे आणि माणसं तोवर उपाशी राहू शकत नाहीत. कोकसाने राणीला धीराचं प्रवचन दिलं नाही, नवस मोडायला सांगितलं नाही, देऊळही लहान केलं नाही. त्याने फक्त कामाचा क्रम बदलला. पुढारपणाचा मोठा हिस्सा या क्रम लावण्यातच असतो, असं आता संशोधनही सुचवतं. ते कसं, हे पायरीपायरीने पाहू.

मेंदू बक्षीस कसं मोजतो

डोपामिन हे नाव आता घरोघरी पोचलं आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवायला जी रसायनं वापरतात, त्यांतलं हे एक. त्याला सर्रास ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात. ते अर्धवट बरोबर आहे.

वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची हालचाल मोजली. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की त्या पेशी जोरात चेतत. मग त्याने रसाच्या आधी दर वेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. थोड्या दिवसांत पेशी खूण दिसताच चेतू लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा गप्प राहू लागल्या. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर रसाच्या ठरल्या वेळी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली गेली. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी १९९७मध्ये याचा अर्थ मांडला: या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात.

एसटीची वाट पाहणाऱ्याला हे लगेच समजेल. दहाची गाडी दहाला आली तर कुणाला काही वाटत नाही. पावणेदहाला आली तर चेहरा खुलतो. साडेदहा झाले तरी पत्ता नाही, म्हणजे चिडचिड. गाडी तीच, तिकीट तेच. मनातल्या वेळापत्रकाशी ती कशी जुळते यावर सगळं अवलंबून.

दिवाळी बोनसचं काय होतं, ते यावरून उमजतं. पहिल्या वर्षी मिळालेला बोनस माणसाला उचलून धरतो. चौथ्या वर्षी तो गृहीत धरलेला असतो. मिळाला तर ठीक, हजार रुपयांनी कमी झाला तर वर्षभराची कुरबुर. मालकाला वाटतं, माणसं कृतघ्न आहेत. मेंदू फक्त त्याच्या हिशेबाप्रमाणे चाललेला असतो.

आता दुसरा दुवा. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेने २०१३मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. उंदरांना चक्रव्यूहासारख्या वाटेने चालत जाऊन टोकाशी ठेवलेलं चॉकलेटचं दूध मिळवायचं होतं. मेंदूच्या एका भागातलं डोपामिन एकदम न उसळता, वाट सरत गेली तसं हळूहळू चढत गेलं. बक्षीस मोठं असेल तिकडे चढ अधिक तीव्र. मुक्काम किती जवळ आला याची जणू आतली नोंद चालू होती, आणि ती चालत राहण्याची ताकद पुरवत होती.

पण या नोंदीला एक गोष्ट लागते: आपण वाटेवर नेमके कुठे आहोत, हे जिवाला कळलं पाहिजे. उंदराला वळणं ओळखीची होती. आठशे बुश काढणाऱ्या पोराच्या वाटेवर मैलाचा दगडच नसतो.

कळस दिसला की पाऊल उचलतं

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर चालणारे वारकरी वेळापूरजवळ पोचले की ‘धावा’ होतो. तुकाराम महाराजांना इथल्या उंचवट्यावरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. अडीच आठवडे चालून पायांना फोड आलेली माणसं तिथे उतारावरून खरंच पळतात.

१९३०च्या दशकात क्लार्क हल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर नेमकं हेच मोजलं. खाण्याकडे जाणाऱ्या सरळ वाटेवर उंदीर सुरुवातीला सावकाश आणि शेवटाकडे वेगाने धावतात. ध्येय जवळ येतं तशी धडपड वाढते, या नियमाला पुढे बराच दुजोरा मिळाला.

त्याहून गमतीचा प्रयोग २००६चा. जोसेफ न्यून्स आणि झेवियर ड्रेझ यांनी गाड्या धुऊन देणाऱ्या एका केंद्रावर ३०० गिऱ्हाइकांना कार्डं वाटली. दर धुलाईला एक शिक्का. कार्ड भरलं की एक धुलाई फुकट. निम्म्या कार्डांवर आठ घरं होती, सगळी कोरी. उरलेल्या निम्म्यांवर दहा घरं होती, पण दोन शिक्के आधीच मारून दिलेले. दोघांनाही आठच धुलाया करायच्या होत्या. कोरं कार्ड पुरं करणारे निघाले १९ टक्के, दोन शिक्केवालं कार्ड पुरं करणारे ३४ टक्के. शिवाय त्यांनी दोन धुलायांमध्ये कमी दिवस जाऊ दिले.

फरक एवढाच की एकाला वाटत होतं आपण दारातच उभे आहोत. दुसऱ्याला वाटत होतं आपण निघालोय. नव्या यंत्रावर, नव्या हिशेब पद्धतीवर किंवा नव्या शाखेवर माणसं लावताना ‘आजपासून शून्यातून सुरुवात’ असं सांगणारा मालक त्यांच्या हातात कोरं कार्ड देतो. ‘जुन्या कामातलं इतकं आधीच झालंय, एवढं राहिलंय’ असं सांगणारा तेच काम अर्ध्या वाटेवरून सुरू करून देतो. अट एकच: ते झालेलं खरोखर झालेलं असावं.

मधल्या टप्प्याची मरगळ

सुरुवातीला नवेपणाचा जोर असतो, शेवटी मुक्कामाचा. मध्ये दोन्ही नसतात. आंद्रेया बोनेत्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये दाखवलं की छापील मजकुरातल्या चुका शोधण्यासारख्या साध्या कामातही लोकांची मेहनत मध्यावर खाली येते आणि शेवटाकडे पुन्हा वर जाते. डायरी एक जानेवारीला आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात भरणाऱ्या कुणालाही हे पटेल. वेरूळच्या डोंगरातही अपुरी राहिलेली कामं आहेत. जैन लेण्यांमधला ‘छोटा कैलास’, ३० क्रमांकाचा, पूर्ण झालाच नाही.

यावरचा तोडगा मिंजंग कू आणि आयलेट फिशबाख यांनी २०१२मध्ये मांडला. अर्धं काम होईपर्यंत ‘किती झालं’ ते दाखवा, अर्ध्यानंतर ‘किती उरलं’ ते दाखवा. म्हणजे दोन्ही वेळा माणसाच्या नजरेसमोर लहान आकडा ठेवा. कारण सोपं आहे. शंभरातले दहा झाले असताना अकरावा नग म्हणजे झालेल्यात दहाव्या हिश्शाची भर, ती जाणवते. तेव्हा ‘नव्वद उरलेत’ म्हटलं तर त्या नव्वदात एकाने काय फरक पडणार? उलट नव्वद झाल्यावर ‘दहाच उरलेत’ हा आकडा प्रत्येक नगाबरोबर डोळ्यांदेखत वितळतो.

आणि काम फार लांबचं असेल तर मध्यच लहान करावा. तीन वर्षांच्या योजनेचा मध्य वर्षभर पसरतो. सहा आठवड्यांच्या टप्प्याचा मध्य दोन आठवड्यांत सरतो. सुशोभित सादरीकरणातली पाच वर्षांची ‘दृष्टी’ शेडपर्यंत का झिरपत नाही, याचं एक उत्तर इथे आहे.

साहेबांचा चुकलेला अंदाज

आतापर्यंत उंदीर, माकडं आणि गाड्या धुणारी गिऱ्हाइकं झाली. नोकरीतल्या माणसांचं काय? हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या तेरेसा अमाबिले आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतल्या २६ प्रकल्पगटांमधल्या २३८ जणांना रोज दिवसाअखेर एक टिपण लिहून पाठवायला सांगितलं: आज काय झालं, मन कसं होतं. जवळपास १२,००० टिपणं जमली. २०११मध्ये त्यावरचं पुस्तक आलं.

ज्या दिवशी लोकांचं मन सगळ्यात प्रसन्न होतं, त्या दिवसांपैकी ७६ टक्के दिवशी काम थोडं का होईना पुढे सरकलेलं होतं. सगळ्यात वाईट गेलेल्या दिवसांपैकी ६७ टक्के दिवशी कामात काहीतरी पीछेहाट झालेली होती. बऱ्याचदा ही प्रगती अगदी किरकोळ असे: अडलेली एखादी चूक सापडली, एखादी चाचणी पार पडली. आणि पीछेहाटीचा चटका प्रगतीच्या आनंदापेक्षा जास्त जोरदार होता. म्हणून वरिष्ठाचं पहिलं काम नवा उत्साह ओतण्याचं नसून आडकाठ्या काढण्याचं ठरतं: वेळेवर न येणारा माल, तीन सह्यांसाठी अडलेला कागद, दुरुस्तीवाचून पडलेला साचा.

याच संशोधकांनी ६६९ व्यवस्थापकांना विचारलं, माणसांना कामाची ऊर्मी कशाने येते? कौतुक, पैसा, मदत, स्पष्ट उद्दिष्ट आणि कामातली प्रगती यांना क्रम लावा. प्रगतीला पहिला क्रम देणारे निघाले फक्त पाच टक्के. माणसं कशाने चालतात हे माणसं चालवणाऱ्यांनाच ठाऊक नव्हतं.

यात नवल नाही. मालकाच्या टेबलावर महिन्याची विक्री, येणी, जीएसटीचं विवरणपत्र हे सगळं येत असतं. काम पुढे चाललंय हे त्याला रोज दिसतं. त्याला दिसतं म्हणून सगळ्यांना दिसतं, असं तो धरून चालतो. कैलासाच्या कारागिराला झालेलं काम नुसतं मान वर करून दिसायचं. पत्र्याच्या शेडमध्ये कुणीतरी ते मुद्दाम दाखवावं लागतं.

न पाहिलेला कागद

प्रगती दिसणं ही अर्धी गोष्ट. दुसरी अर्धी म्हणजे ती दुसऱ्या कुणी पाहिलेली असणं.

डॅन अरिएली, एमिर कामेनित्सा आणि ड्राझेन प्रेलेच यांनी २००८मध्ये विद्यार्थ्यांना अक्षरांनी भरलेल्या कागदांवरून ठरावीक जोड्या शोधण्याचं काम दिलं. पहिल्या कागदाला बरे पैसे, पुढच्या प्रत्येकाला थोडे कमी. कंटाळा आला की थांबायची मुभा. एका गटाने कागदावर नाव लिहून दिलं, परीक्षकाने तो नजरेखालून घालून मान डोलावली आणि फायलीत ठेवला. दुसऱ्या गटाचा कागद न बघताच गठ्ठ्यावर टाकला. तिसऱ्याचा कागद त्याच्या डोळ्यांदेखत यंत्रात घालून चिंध्या केल्या.

पहिल्या गटाने सरासरी नऊ कागद केले, चिंध्यावाल्यांनी सहाच्या थोडे वर. खरा धक्का मधल्या गटाचा: त्यांनीही सातच्या आतच काम थांबवलं. न बघणं आणि फाडून टाकणं यांत नावापुरताच फरक पडला. आणि पहिल्या गटाला शाबासकी, हार-तुरे काहीच मिळालं नव्हतं. एक नजर आणि एक मान डोलावणं.

आपल्याकडे किती अहवाल, किती दैनंदिन तक्ते कुणी न वाचता फायलीत जातात! त्यातून वाया गेलेल्या कागदाची किंमत काढता येईल. वाया गेलेल्या उमेदीची काढता येत नाही. ज्या तक्त्याकडे बघायला तुम्हाला सवड नाही तो मागूच नये, हे उत्तम.

कैलासाच्या बाबतीत एक मोलाची नोंद उरली आहे. गुजरातच्या राष्ट्रकूट शाखेतल्या कर्कराजाच्या, इसवी सन ८१२-१३च्या सुमाराच्या बडोदा ताम्रपटात या देवळाचं वर्णन येतं. देवही ते पाहून थक्क झाले, आणि हे आपल्या हातून घडलं तरी कसं असं खुद्द घडवणाऱ्यालाच नवल वाटलं, असा त्याचा आशय आहे. दानपत्रात राजाची स्तुती असणं रिवाजाचं. पण लिहिणाऱ्याने करणाऱ्याच्या मनातही डोकावलं.

रंगवलेलं शिखर

इथे एक खड्डा आहे. प्रगती दिसली की माणसं चालतात, असं कळलं की पुष्कळजण प्रगती न करता ती दाखवायला लागतात. शेडमध्ये हिरव्या-लाल खुणांचा फलक लागतो. लाल दिसलं की साहेब सर्वांसमोर झापतात. महिनाभरात फलक हिरवागार होतो आणि रिजेक्शनची पेटी मागच्या दाराने भंगारात जाते. आकडा हेच उद्दिष्ट झालं की आकडा खोटं बोलायला शिकतो.

कोकसाच्या युक्तीतला कळीचा भाग म्हणूनच पुन्हा बघायला हवा. त्याने राणीला मातीचा नमुना दाखवला नाही, कापडावर रंगवलेलं चित्रही नाही. दिसलं ते अखेरच्या देवळाचंच शिखर होतं, पुरं घडवलेलं. नंतर त्यावर टाकीचा एकही घाव घालायचा नव्हता. पहिल्या आठवड्यात जे दाखवायचं ते पूर्ण कामाचाच एक छोटा, पण पुरा झालेला तुकडा हवा. सॉफ्टवेअर करणारे आधी एकच काम नीट करणारा भाग ग्राहकाच्या हातात देतात, ते याच जातीचं.

आणि फलक खरा राहायचा असेल तर लाल खूण करणाऱ्याला भीती वाटता कामा नये. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास केला. चांगल्या चमूंत औषधांच्या चुका कमी असतील, असा त्यांचा कयास होता. आकडे उलटे आले. चांगले पुढारी असलेल्या चमूंत चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे माणसं चूक झाली की सांगत होती. पुढे त्यांनी याला मानसिक सुरक्षितता म्हटलं: चूक कबूल केली, प्रश्न विचारला तर आपली मानहानी होणार नाही हा भरवसा. बांधीव देवळात चुकलेला दगड काढून दुसरा बसवता येतो. कोरीव देवळात उडालेला टवका परत लागत नाही. खडकात भेग दिसली तर ती सगळ्यात आधी छिन्नी धरणाऱ्यालाच दिसते. अशा कामात गप्प बसणारा कारागीर फार महागात पडतो.

आणखी एक धोका हेतूचा आहे. ‘आणखी दोन ऑर्डर केल्या की बोनस’ असं मोबाइलवर दाखवून डिलिव्हरीवाल्याला रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर ठेवणं, हेही हलच्या उंदरांचंच शास्त्र आहे. कळस जवळ दाखवून तो दर वेळी थोडा मागे सरकवणारा मालक काही दिवस जिंकतो. शुल्ट्झच्या माकडांनी सांगितलंच आहे: खूण दाखवून रस दिला नाही, तर मेंदू शून्यावर थांबत नाही, शून्याच्या खाली जातो.

मेंदूचं नाव घेऊन काहीही

शेवटी या शास्त्राबद्दलच सावधगिरी. डीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये लोकांना मानसिक घटनांची काही चांगली, काही पोकळ स्पष्टीकरणं वाचायला दिली. पोकळ स्पष्टीकरणात ‘मेंदूचा अमुक भाग चेततो’ असं एखादं गैरलागू वाक्य घुसडलं की सामान्य वाचकांना ते बरंच पटायचं. मेंदूविज्ञानातले जाणकार मात्र फसले नाहीत. हॉटेलात भरणाऱ्या नेतृत्वाच्या शिबिरात पडद्यावर रंगीत मेंदू दिसला की हे आठवावं.

माकडाच्या पेशींपासून वाळूजच्या पाळीपर्यंत उडी मोठी आहे. डोपामिनचे प्रयोग दिशा सुचवतात. कारखान्यात काय करावं याचा भक्कम आधार माणसांवरच्या पाहण्यांतून येतो आणि त्याही जपून वापराव्यात. वर ज्यांचा प्रयोग सांगितला त्या अरिएलींचं नाव असलेला, प्रामाणिकपणावरचा एक वेगळा निबंध त्यातली आकडेवारी बनावट आढळल्याने २०२१मध्ये मागे घेतला गेला. म्हणून एका प्रयोगावर न विसंबता वेगवेगळ्या वाटांनी आलेले निष्कर्ष एका जागी मिळतात का, ते पाहायचं. प्रगतीच्या बाबतीत ते बऱ्यापैकी मिळतात.

आणि पोटाला कमी पडत असेल तर यातलं काहीच चालत नाही. पगार वेळेवर नसलेल्या शेडमध्ये प्रगतीचा फलक लावणं ही थट्टा आहे. रास्त मजुरी हा पाया. क्रम, फलक आणि नजर यांचं काम त्यानंतर सुरू होतं.

चौकट : उद्यापासून करता येईल असं

• मोठ्या कामाचा असा एक तुकडा निवडा की जो पहिल्या आठवड्यात पूर्ण होईल आणि शेवटपर्यंत तसाच टिकेल. नमुना किंवा सादरीकरण यात मोजू नका.

• प्रत्येकाला आपलं काम कुठे पोचलं ते दिसू द्या. बुश बनवणाऱ्याला तो बसलेली गाडी एकदा तरी दाखवा.

• अर्ध्या वाटेपर्यंत ‘इतकं झालं’, अर्ध्यानंतर ‘इतकंच उरलं’ असं लिहा.

• लांबच्या योजनेचे सहा-आठ आठवड्यांचे टप्पे पाडा, म्हणजे मधली मरगळ आटोपशीर राहते.

• रोज एकच प्रश्न विचारा: ‘आज कशाने अडलं?’ आणि त्यातली एक आडकाठी स्वतः दूर करा.

• मागवलेला प्रत्येक कागद बघा. बघणार नसाल तर मागवणं बंद करा.

• लाल खूण करणाऱ्याचे आभार माना, तेही सगळ्यांसमोर.

• जो कळस दाखवाल तो ठरल्या दिवशी द्या. तो मागे सरकवायचा असेल, तर आधी दाखवूच नका.